द्वारकाकाकूंचं म्हणणं

द्वारकाकाकू गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. बातमी मला जानकीनं आणली. सकाळचे अकरा वाजत आले असतील. दवाखान्यात बाकावर चार-पाच माणसं बसली होती आणि ती दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते, पदरावर आमटीचा डाग होता. "काकू गेल्या," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "केव्हा?" तर म्हणाली, "अर्धा तास झाला असेल. ताकभात वाढायचा राहिला होता... तो वाढला आणि आले." मला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. काकूंनी तिला आठ दिवस आधीच बजावून ठेवलं होतं की मी पंगत बसलेली असताना गेले तर कुणाला पानावरून उठवायचं नाही. कचेरीत जाणारी माणसं ती, संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात दुसरं काही जायचं नाही. जानकीनं तसंच केलं. आतल्या खोलीत काकूंनी डोळे मिटले होते आणि बाहेर अकरा माणसं लोणच्याशी ताकभात जेवत होती. नंतर कळलं तेव्हा दोघाजणांनी विटाळाची कुरकुर केली. त्यांतलाच एक जण दुपारी खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे होता.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत ज्यांच्याविषयी लिहिलं जातं ती माणसं बहुधा सभांतून बोललेली, संस्था काढलेली असतात. काकूंनी जन्मात भाषण केलं नाही. त्यांनी खानावळ चालवली. पण माझ्या डॉक्टरीतला निम्मा भाग मी मुंबईच्या कॉलेजात शिकलो आणि उरलेला निम्मा, तोही फार उशिरा, त्यांच्याकडून शिकलो. त्या शिकवण्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहानं दिली. माझ्या हातून झालेली एक मोठी चूक या लेखात आहे. ती मी लिहावी असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

काकूंचं माहेर दापोलीजवळ मुरुडला, सासर रत्नागिरीत. यजमान बंदरावर आगबोटीच्या कचेरीत कारकून होते. मानमोडीच्या साथीत ते चार दिवसांत गेले. पदरी मूल नव्हतं. होती ती यजमानांची पोरकी पुतणी जानकी, तेव्हा सहा वर्षांची. दिराकडे जाऊन चुलीशी बसायचं की आपली चूल मांडायची, एवढाच प्रश्न होता, आणि काकूंनी खालच्या आळीतल्या आपल्या दोन खोल्यांत आपलीच चूल मांडली. मी संगमेश्वराकडच्या खेड्यातून हायस्कुलात आलो तो त्यांच्या पहिल्या पंगतींपैकी एका पंगतीत बसलो. पाच वर्षं त्यांच्या हातचं जेवलो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, उन्हाळ्यात फणसाची भाजी, सणावारी खीर. चव तर होतीच; पण ज्या गोष्टीमुळे त्या आळीत नावाजल्या होत्या ती वेगळीच होती. काकूंना प्रत्येकाच्या पोटाचं माप ठाऊक होतं. पंधरा-सोळा माणसं जेवायची, पण कोण दोन भाकऱ्यांवर थांबतो, कोण तिसरी लाजून घेत नाही, कुणाला एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट लागतं, हे त्या न विचारता जाणत. मी इंग्रजी पाचवीत असताना आई फार आजारी असल्याचं पत्र आलं होतं. मी कुणाला बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी पान उचलताना काकू हळूच म्हणाल्या, "बापू, तीन दिवस तू एकच भाकरी खातोयस. घरून काय आलंय?" मी तिथेच रडलो. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं त्यांनी मला घरी धाडलं. आई मला भेटली... आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर भेटली नसती.

पुढे मी मुंबईत वैद्यकी शिकलो आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी रत्नागिरीतच, झाडगावात, दवाखाना घातला. आता मी डॉक्टर होतो, गळ्यात नळी होती, कपाटात जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. काकू मात्र मला पूर्वीसारखंच "अरे बापू" म्हणत आणि रविवारी जेवायला बोलवत.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर त्या प्रथम स्वतःसाठी दवाखान्यात आल्या. तोवर त्या फक्त दुसऱ्यांना घेऊन येत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बापू, दोन घासांत माझं पोट भरतं."

मी शिकलेले सगळे प्रश्न विचारले. दुखतं का? नाही. जळजळतं? नाही. उलटी? नाही. आंबट ढेकर? क्वचित. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं, हाताला काही लागलं नाही. वय बावन्न. सारा जन्म धुरात आणि आगीशी गेलेला, जेवणाच्या वेळा कधी धड नाहीत. मी म्हटलं, आम्लपित्त आहे. सोड्याचं औषध दिलं, तिखट बंद करा म्हणून सांगितलं. काकूंनी बाटली घेतली आणि नेमानं औषध घेतलं. तीन आठवड्यांनी परत आल्या. तेच म्हणणं. मी सोड्याचं प्रमाण वाढवलं. पुन्हा आल्या. मी जंताचं औषध दिलं, मग पाचक थेंब दिले, मग शक्तीचं औषध दिलं. संक्रांत झाली, महाशिवरात्र झाली. काकूंच्या गळ्याखालची हाडं दिसू लागली होती. आळीतल्या बायका म्हणत, उपास फार करतात. मीही एकदा मोठ्या समजूतदारपणानं म्हणालो, "काकू, या वयात भूक कमी होतेच."

त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. "भूक आहे रे," त्या म्हणाल्या. "जागा नाही. भूक निराळी आणि जागा निराळी. पंधरा वर्षं लोकांची पोटं बघत्ये मी. मला एवढं कळतं."

मी हसून विषय बदलला. बाहेर रोगी बसले होते.

शिमगा झाला आणि एका रविवारी काकूंनी मला दुपारी बोलावलं. रविवारी दुपारच्या पंगतीनंतर खानावळ रिकामी असे. मी गेलो तर दोन पानं समोरासमोर मांडलेली. एक माझं आणि दुसरं, काकू म्हणाल्या, "माझं." मी चपापलो. त्या काळी त्यांच्यासारखी विधवा बाई परपुरुषासमोर जेवायला बसत नसे. एवढ्या वर्षांत मी त्यांना जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. जानकी दाराशी अवघडून उभी होती. काकूंनी आपल्या पानावर दोन भाकऱ्या घेतल्या, भाताची मूद घेतली, काजूची उसळ घेतली. "हे माझं नेहमीचं जेवण होतं," म्हणाल्या. "जानकीला विचार." जानकीनं मान हलवली. मग त्या जेवायला लागल्या. सावकाश, नीट चावून. पहिला घास, दुसरा, तिसरा... पाचव्या घासाला त्यांचा हात थांबला. कपाळावर घाम आला होता. "झालं," म्हणाल्या. "आता एक शीत जायचं नाही. पण तू उठू नकोस. बस."

मी बसलो. पाऊण तास गेला. त्या मुरुडच्या गोष्टी सांगत होत्या, मी ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर कंटाळलो होतो. मग काकू म्हणाल्या, "आता मला कडकडून भूक लागलीय." पुन्हा पानाशी बसल्या, पुन्हा चार-पाच घास खाल्ले, पुन्हा थांबल्या. हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. "आता सांग. ही मेलेली भूक आहे का? आणि हे पित्त असेल तर घासाघासाला भरतं कसं आणि घटकेत रिकामं होतं कसं? तुझ्या पुस्तकात बघ. नसेल तर नाही म्हण. पण सोडा पुरे."

घरी जाऊन मी कपाट उघडलं. पाच महिन्यांत प्रथमच. पोटाचा खालचा दरवाजा अडला असेल तर अन्न आत तुंबून राहतं, पोट फुगतं, उलटी होते. इथे उलट होतं. पोट लवकर भरत होतं आणि लवकर रितं होत होतं. याचा अर्थ पिशवीच लहान झाली होती, किंवा ताणायची थांबली होती. पुस्तकाच्या एका कोपऱ्यात, बारीक टाइपात, पोटाच्या कर्करोगाची एक विरळ जात दिली होती. तिच्यात गाठ उठत नाही, व्रण पडत नाही. पिशवीची भिंतच्या भिंत जाड आणि ताठ होत जाते. म्हणून हाताला काही लागत नाही. मी त्या दहा ओळी कितीदा वाचल्या असतील, सांगता येत नाही. परीक्षेला मी त्या वगळल्या होत्या.

एक तपासणी रत्नागिरीतही होण्यासारखी होती. मुंबईहून आणलेली पातळ रबरी नळी माझ्या कपाटात वापरल्याशिवाय पडली होती. रोग्याला गाळलेली पेज पाजायची, नळी पोटात सोडायची, दर पाव तासानं थोडा रस ओढून काढायचा आणि त्यात आम्ल आहे का ते लाल कागदावर पाहायचं. हा लिटमस नव्हे, काँगो रेडचा कागद; आम्ल असलं की तो निळा होतो. मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पेज कुणी करायची?" मी म्हटलं, माझ्याकडे करू. "तुझ्याकडची पेज गाठीची असते," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः केलेली, फडक्यातून दोनदा गाळलेली पेज तांब्यात घेऊन आल्या. नळी गिळणं सोपं नसतं. धडधाकट पुरुष हात झटकून उठून गेलेले मी पाहिले आहेत. काकूंचे डोळे पाण्यानं भरले, नाक लाल झालं, पण त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं ते सोडलं नाही. पहिल्या पाव तासाला रस आला. कागद लालच राहिला. दुसऱ्या पाव तासाला लालच. तिसऱ्या वेळी ओढायला काही आलंच नाही, पोट रिकामं झालं होतं. ज्या आम्लावर मी पाच महिने सोडा ओतला ते आम्ल त्यांच्या पोटात नव्हतंच. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी तो लाल कागद उचलून उजेडाकडे धरून पाहिला. "मग आता कुठे जायचं?" एवढंच विचारलं.

मुंबईला जायचं होतं, आणि वेळ थोडा होता. वैशाख लागला होता. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद झाल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, आणि घाटावरून फेऱ्यानं आगगाडी गाठायची तर काकूंना ते झेपलं नसतं. आठ दिवसांत निघायचं ठरलं. दिरांचं म्हणणं पडलं की बाईमाणसानं या वयात मुंबईस जाऊन पोट दाखवणं शोभत नाही, देवाला कौल लावावा. काकू म्हणाल्या, "कौल लावा. मी येईपर्यंत लागलेला असेल." खानावळ जानकीवर सोपवली. मी दवाखान्याला कुलूप घातलं. मांडवी बंदरात पडावातून आगबोटीवर चढताना खलाशानं त्यांना दोन्ही हातांनी उचलून वर घेतलं, आणि "काय नाय वजन," असं सहज बोलून गेला. मी ऐकलं. त्यांनीही ऐकलं.

मुंबईत क्ष-किरणांचे डॉक्टर माझे जुने शिक्षक होते. खोलीत काळोख, काकू एका पडद्यामागे उभ्या, हातात पांढऱ्या औषधाचा पेला. ते प्यायलं की पोटाचा आकार पडद्यावर दिसतो. पहिला घोट घेऊन काकू म्हणाल्या, "घोटलंय बरं, पण चव मातीची." शिक्षकांनी दोन-तीन मिनिटं पाहिलं. "व्रण नाही, गाठ नाही," ते मला इंग्रजीत म्हणाले. "पोट जरा लहानखुरं आहे, इतकंच. दिवा लावा."

मला माहीत होतं की त्यांनी पुन्हा पाहायला हवं. पण ज्यांनी मला शिकवलं, ज्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती, त्यांना तसं सांगायला माझी जीभ उचलेना. काळोखातून काकूंचा आवाज आला. "डॉक्टर, दिवा लावण्याआधी एक सांगत्ये. मी भरले. पेल्यातलं किती गेलं ते बघा." पेला पाहिला. तिसरा हिस्साही गेला नव्हता. शिक्षक थांबले. मग कुठून मला धीर आला कोण जाणे. मी म्हणालो, "सर, लाटा दिसत नाहीत." जिवंत पोटाच्या भिंतीवर वरून खाली लाटा सरकत असतात, त्यांनीच अन्न पुढे जातं. शिक्षकांनी डोळे पुन्हा पडद्याला लावले. पाच मिनिटं गेली. काकूंना आणखी दोन घोट प्यायला लावले, डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. ती पिशवी फुगली नाही, हलली नाही. औषध एखाद्या नळातून जावं तसं तिच्यातून सरळ खाली उतरून गेलं. "तुझं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि या बाईंचंही."

खात्री करायची तर पोट उघडून भिंतीचा तुकडा काढून पाहायला हवा होता. शल्यवैद्यांनी धोका सांगितला. काकूंनी एकच अट घातली: "काय दिसेल ते मला सांगायचं. बापूला नव्हे, मला." ते हसून हो म्हणाले. उघडून पाहिलं, सगळी पिशवी व्यापली होती. काढण्याजोगं काही नव्हतं. एक लहानसा तुकडा घेऊन पोट पुन्हा शिवलं. आठ दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखालचा निकाल आला, तेव्हा शल्यवैद्यांनी मला वॉर्डाच्या दाराबाहेर गाठलं. रोग तोच होता, त्या पुस्तकातल्या दहा ओळींतला. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा दुसरा. "घेऊन जा त्यांना," ते म्हणाले. "सांगा, पोटाला सूज आहे, आराम पडेल." मी म्हटलं, "तुम्ही त्यांना शब्द दिलाय." ते म्हणाले, "बायकांना असलं काही सांगत नाहीत. तुम्ही अजून लहान आहात." मी म्हणालो, "मग मी सांगतो."

आणि मी आत जाऊन सांगितलं. खाटेच्या कडेला बसलो, आणि कसं सांगावं याची मनात केलेली सगळी जुळवाजुळव विसरलो. "काकू, कर्करोग आहे. काढता येत नाही." त्यांनी विचारलं, "कसा दिसतो?" मी म्हटलं, इंग्रजीत त्याला चामड्याच्या बाटलीचं पोट म्हणतात. त्या विचार करून म्हणाल्या, "म्हणजे तेलाचा बुधला. वाळला की तो ताणत नाही." मग विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, दिवाळी बघाल, गुढीपाडवा नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "पहिल्या दिवशी आले होते तेव्हाच इथे आणलं असतंस तर?"

"माहीत नाही, काकू," मी म्हणालो. शल्यवैद्यांना मी विचारलं होतं. कदाचित तेव्हाही उशीर झालेला असेल, पण सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. मी तेही सांगितलं. काकू भिंतीकडे तोंड करून निजल्या. मी दुपारभर तिथेच बसून होतो. उन्हं उतरली तेव्हा त्या या कुशीवर वळल्या. "पाच महिने तू मला सोडा पाजलास," म्हणाल्या. "ते मी विसरायची नाही. आणि दाराबाहेर त्या मोठ्या डॉक्टरला काय बोललास तेही ऐकलंय, तेही विसरायची नाही." मग म्हणाल्या, "आता आगबोट बंद व्हायच्या आत घरी पोचलं पाहिजे. जानकीला अजून मसाल्यांचं प्रमाण साधत नाही."

बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एका फेरीनं आम्ही परतलो. त्यानंतरचे सहा-सात महिने काकू ज्या रीतीनं जगल्या ती पाहायला मी एरवीही रोज गेलो असतो. एका वेळी जात नाही म्हणून त्यांनी दिवसाचे दहा भाग केले. दर दोन तासांनी वाटीभर पेज, कधी मऊभात, कधी नुसतं मेतकूट कालवलेलं ताक. पोटाचा भरवसा नव्हता, पण वेळेचा चुकारपणा नव्हता. जानकीला त्यांनी मसाले, लोणची, पापड, पावसाळ्याची बेगमी सगळं हाताखाली घालून शिकवलं. चुकली की बोलत, आणि चांगलं झालं की काही बोलत नसत. एकदा जानकी रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, आता तरी पडून राहा." तर म्हणाल्या, "पडून राहायला पुढे पुष्कळ वेळ आहे, गो. ती हिंगाची डबी इकडे दे."

मलाही त्यांनी सोडलं नाही. रोग्याला काय विचारतोस ते मला म्हणून दाखव, असं एका दुपारी म्हणाल्या. मी म्हणून दाखवलं: दुखतं का, जळतं का, उलटी होते का. "सगळं तू तुझ्या पुस्तकातलं विचारतोस," त्या म्हणाल्या. "पूर्वी किती जेवायचात आणि आता किती जेवता, हे विचार. आणि सांगितलं की खरं धर. माणूस पैशाबद्दल खोटं बोलेल, वयाबद्दल बोलेल. भाकऱ्यांबद्दल कशाला बोलेल?"

भर आषाढात मिरकरवाड्यातला पांडू तांडेल आला. चाळिशीतला, मचव्यावर सुकाणू धरणारा गडी. "डाक्टर, जेवान जात नाय," म्हणाला. "खाल्लं की गच्च होतंय." माझा हात सवयीनं सोड्याच्या बरणीकडे गेला होता. तो मी मागे घेतला. "पूर्वी किती भाकऱ्या?" "चार. दर्यावर पाच." "आता?" "येक. तीबी संध्याकाळी ओकतंय." मग मी त्याला तासभर बसवून घेतलं, पोट तपासलं, हलवून पाहिलं, आत पाणी डुचमळल्याचा आवाज ऐकला. त्याचं दुखणं काकूंच्या उलट होतं, खालचा दरवाजा अडला होता. समुद्र बंद होता. नारळी पौर्णिमेपर्यंत त्याला पातळ अन्नावर आणि पोट धुऊन मी कसाबसा तगवला आणि पहिल्या आगबोटीनं मुंबईला घेऊन गेलो. जुन्या व्रणानं पोटाचं खालचं तोंड आवळलं होतं. कर्करोग नव्हता. शस्त्रक्रियेनं नवी वाट करून दिली आणि तो दसऱ्याच्या आधी पायांनी चालत घरी आला.

भाकऱ्यांचा प्रश्न मला कुणी शिकवला ते मी त्याला सांगितलं होतं, म्हणून तो काकूंना भेटायला आला, नारळ ठेवला. काकू तेव्हा फारशा उठत नव्हत्या. तरी त्यांनी जानकीला पडवीत पान मांडायला सांगितलं, आणि भिंत धरत-धरत बाहेर येऊन बसल्या. पांडूला आधी कुणी सांगितलं नव्हतं की ही बाई स्वतः का जेवत नाही. तो संकोचला, मग जेवला. काकू एकटक बघत होत्या, त्याचा हात पानातून तोंडाकडे जाताना, घास उतरताना, पुन्हा हात पानाकडे वळताना. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "अडीच. अर्धी लाजून ठेवलीन." त्यांच्या सुकलेल्या तोंडावर जे समाधान होतं तसं मी त्यांच्या तोंडावर सबंध आजारात पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मी गेल्यावर लिही हे. तुझ्या सोड्यासकट लिही. म्हणजे दुसरा कोण डॉक्टर वाचील."

दिवाळी त्यांनी बघितली. मग उतार लागला. शेवटच्या तीन आठवड्यांत चमचा-चमचा पेजही पोटात ठरेना. वेदना होत्या, त्यावर मी जे देता येतं ते देत होतो. देताना त्या विचारत, "हे कशासाठी?" आणि मी खरं सांगत असे. शेवटच्या भेटीत माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता भूकही नाही, बापू. आता तुझं खरं झालं..." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

तेरा दिवसांनी खानावळ पुन्हा सुरू झाली. गेल्या रविवारी मी जेवायला गेलो. जानकीनं वाढलं. आमटीत मीठ थोडं कमी होतं, पण कुणी बोललं नाही. पूर्वी ती वाढून झालं की आत चुलीशी जात असे. या वेळी ती गेली नाही, उंबऱ्याशी पाट ओढून बसली. मी मान खाली घालून जेवत होतो. एवढ्यात तिचा आवाज आला, जरा कापरा, पण स्पष्ट. कोपऱ्यात एक नवे मास्तर बसले होते, शाळेत याच महिन्यात आलेले. त्यांना ती म्हणत होती, "मास्तर, चार दिवस झाले, तुम्ही भात बाजूला सारताय. बरं नाही का?" मास्तर ओशाळले, काही नाही म्हणाले. जानकीनं माझ्याकडे पाहिलं.

मी जेवण उरकलं, आचवलो, आणि ओटीवर मास्तरांची वाट बघत बसलो.